मुलाचं सगळं मिळून कोण पाहतं?

इंदुरात लहान मुलांच्या डॉक्टरांची वानवा नाही. गीताभवनपासून पलासियापर्यंत नुसत्या पाट्या वाचत गेलं तरी मेंदूचे, हाडांचे, हृदयाचे, कान-नाक-घशाचे असे सगळे तज्ज्ञ सापडतात. एम. जी. एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेलं एम. वाय. रुग्णालय आहे, चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीहून माणसं मुलांना घेऊन इथंच येतात. पण ज्या घरात दीर्घ आजाराचं किंवा अपंगत्व असलेलं मूल आहे, तिथं एक प्रश्न विचारून बघा: याचं सगळं मिळून कोण पाहतं? फिट्सचं कोण पाहतं ते लगेच सांगतील, पायांचं कोण पाहतं तेही सांगतील. सगळं मिळून म्हटलं की घरातले सगळे आईकडे बघतात.

आई ते करते, आणि मनापासून करते. पण कुठलं औषध कुठल्या औषधाशी जमत नाही, कुठली तपासणी कधी राहिली, एका डॉक्टरांनी सांगितलेलं दुसऱ्यांना कसं कळवायचं, हे सांभाळणं हे वैद्यकीय काम आहे. ते एखाद्या डॉक्टरांच्या नावावर असायला हवं. जगभर बालरोगतज्ज्ञ गेली काही दशकं हेच सांगत आहेत, आणि ते आपल्या घराघरांत पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी, ही मुलं कोणती? अमेरिकेत १९९८ साली यासाठी एक व्याख्या ठरली आणि ती पुढे पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. ज्या मुलांना शरीराचा, वाढीचा, वागण्याचा किंवा भावनांचा दीर्घकाळ चालणारा त्रास आहे, किंवा तो होण्याचा धोका जास्त आहे, आणि त्यामुळे ज्यांना इतर मुलांपेक्षा वेगळी किंवा जास्त आरोग्यसेवा लागते, ती सगळी मुलं. या व्याख्येत आजाराचं एकही नाव नाही, आणि मला तेच तिचं बळ वाटतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व), डाउन सिंड्रोम, ऑटिझम यांच्याबरोबर थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार, लहानपणीचा मधुमेह, जन्मजात हृदयदोष, मिरगी, वारंवार उसळणारा दमा हे सगळं त्यात येतं. फार लवकर जन्मलेलं, आज वरून अगदी ठीक दिसणारं बाळसुद्धा येतं, कारण त्याच्या डोळ्यांवर, कानांवर आणि वाढीवर पुढची काही वर्षं नजर ठेवावी लागते.

या मुलांसाठी काय हवं याचा विचार अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने १९६७ मध्ये मांडायला सुरुवात केली. तेव्हा कल्पना साधी होती: मुलाचे सगळे कागद एका ठिकाणी असावेत. त्याला त्यांनी ‘मेडिकल होम’ म्हटलं. पुढे हवाईमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्व्हिन सिया यांच्यासारख्यांनी ती कल्पना वाढवली. नुसते कागद एकत्र असून भागत नाही, ते वाचून विचार करणारं माणूसही एक असावं लागतं. आज मेडिकल होम म्हणजे कुठली इमारत नव्हे, कामाची पद्धत आहे. प्राथमिक आरोग्यसेवेच्या अभ्यासक डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनी चांगल्या प्राथमिक सेवेच्या चार खुणा सांगितल्या होत्या. काहीही झालं तरी पहिल्यांदा तिथंच जाता यावं, वर्षानुवर्षं तीच माणसं भेटावीत, बहुतेक गरजा तिथंच भागाव्यात, आणि जे तिथं होत नाही त्याची सांगड त्यांनी घालावी. ही चौथी खूण, सांगड घालणं, आपल्याकडे सगळ्यात कच्ची आहे.

एक मूल, कल्पनेतलं

समजा, लोकमान्य नगरात राहणारा सहा वर्षांचा ओंकार. हे मूल माझ्या कल्पनेतलं आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडतं ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला अनोळखी वाटणार नाही. ओंकार दिवस पूर्ण भरायच्या आधीच, ३० आठवड्यांना जन्मला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठ राहतात, आणि दोन वर्षांचा असताना फिट्स सुरू झाल्या. कार्बामाझेपिन नावाचं औषध चालू आहे. मेंदूचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, फिजिओथेरपी एका ठिकाणी, वाचाउपचार दुसऱ्या ठिकाणी, चष्मा तिसरीकडे. ताप-खोकला झाला की गल्लीच्या कोपऱ्यावरचा दवाखाना.

एका पावसाळ्यात त्याचा खोकला हटत नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन देतात. खोकल्यासाठी ते चांगलं प्रतिजैविक आहे, पण कार्बामाझेपिन शरीराबाहेर टाकण्याची यकृताची वाट ते अडवतं. त्यामुळे रक्तात फिट्सच्या औषधाचं प्रमाण चढत जातं. दोन-तीन दिवसांत ओंकार झोपाळू होतो, उलट्या करतो, भिंतीला धरूनसुद्धा त्याचा तोल जातो. घरचे घाबरून मोठ्या रुग्णालयात नेतात. मेंदूत काही झालं की काय म्हणून स्कॅन होतो, एक रात्र भरती, हजारोंचा खर्च. स्कॅन निर्मळ येतो. ओंकार कुठलं औषध घेतो हे ठाऊक असलेल्या कुणी सुरुवातीलाच दुसरं प्रतिजैविक निवडलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

दुसरी गोष्ट आणखी साधी आहे. मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. ओंकार ११ किलोचा होता तेव्हा ठरलेला डोस तो १७ किलोचा झाला तरी तोच राहिला, कारण मधली दोन वर्षं फिट आली नाही, म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जाणं झालं नाही आणि केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर बाटली देत राहिला. मग एक दिवस फिट परत येते. औषध लागू पडत नाही असं वाटून नव्या डॉक्टरांकडे दुसरं औषध सुरू होतं. आता मूल दोन औषधांवर आहे. कदाचित पहिल्याचाच डोस वाढवून भागलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त डाचते, कारण ती दिसतच नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये स्नायूंच्या ओढीमुळे खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो. साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये हे होतं, आणि ज्यांना स्वतः बसता-चालता येत नाही त्यांच्यात तर फारच जास्त. सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे मूल सांगत नाही, आईला कळत नाही. उपाय एकच, ठरावीक काळाने कमरेचा एक्स-रे. वेळीच कळलं तर लहान शस्त्रक्रियेवर भागू शकतं. उशीर झाला तर मोठी शस्त्रक्रिया, नाहीतर आयुष्यभराचं दुखणं. हा एक्स-रे कुणी सांगायचा? फिजिओथेरपिस्टना वाटतं हाडांचे डॉक्टर सांगतील. हाडांच्या डॉक्टरांकडे पाय दाखवायला गेलं की पायाच्या स्प्लिंटबद्दल बोलणं होतं. न्यूरोलॉजिस्टचा विषय फिट्स. आणि एक्स-रे राहून जातो.

या तिन्ही गोष्टींत कुणीही आपलं काम वाईट केलेलं नाही. लग्नघरात आचारी, भटजी, मांडववाला, बँडवाला सगळे आपापल्या कामात पक्के असतात, तरी मुहूर्त गाठायला एक कर्ता माणूस लागतोच. ओंकारच्या आजारपणात तो माणूस नव्हता.

नेहमीचे डॉक्टर नेमकं काय करतात

आपल्याकडे लोक सहज म्हणतात, ‘आमचे नेहमीचे डॉक्टर’. तेच या व्यवस्थेचं केंद्र. ते मेंदूचे किंवा हाडांचे तज्ज्ञ नसतात, आणि त्यांनी तसं असायची गरजही नाही. बालरोगतज्ज्ञ उत्तम, पण वाचण्याची आणि फोन करण्याची तयारी असलेले चांगले फॅमिली डॉक्टरही हे करू शकतात. त्यांच्याकडे मुलाच्या सगळ्या दुखण्यांची एक यादी असते, सगळ्या औषधांची एक यादी असते, वजन-उंचीचा आलेख असतो, आणि दर भेटीत त्या तिन्ही गोष्टी समोर ठेवल्या जातात. वजन वाढलं की डोस तपासायचा हे तिथंच लक्षात येतं.

त्यांचं आणखी एक काम आहे, ज्याची किंमत बाहेरून कळत नाही. मोठा आजार असलेल्या मुलाचं प्रत्येक नवं दुखणं त्या आजाराच्या खात्यावर टाकलं जातं. सेरेब्रल पाल्सीचं मूल रात्री रडतं, तर ‘अशा मुलांचं असंच असतं’. डाउन सिंड्रोमचं मूल मंद झालं, तर ‘डाउनच आहे ना’. पण रात्रीच्या रडण्यामागे किडलेला दात असू शकतो, कान दुखत असेल, आम्लपित्त वर येत असेल, बद्धकोष्ठ असेल, खुबा सरकत असेल. बोलता न येणाऱ्या मुलाकडे सांगायला रडण्याशिवाय दुसरं काही नाही. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडण्याचा धोका मोठा, म्हणून जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि मग दर वर्षी रक्त तपासायचं असतं. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो, त्यामुळे छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू आलं नाही तरी बाळपणीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो. जे डॉक्टर मूल नेहमी कसं असतं हे ओळखतात, त्यांनाच ते आज नेहमीसारखं नाही हे कळतं. अनोळखी तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी पहिल्या भेटीत त्याला हे कसं कळणार?

लसींचंही तेच. ‘फिट येते, लस नको’ असं कुणीतरी सांगतं आणि मुलाच्या लसी वर्षानुवर्षं राहतात. आजार स्थिर असेल तर बहुतेक लसी देता येतात, आणि याच मुलांना त्या जास्त लागतात. साधा फ्लू निरोगी मुलाला चार दिवस झोपवतो, तोच हृदयदोष किंवा कमजोर छातीच्या मुलाला अतिदक्षता विभागात नेतो. फ्लूची लस दर वर्षी घ्यायची असते. कुठली लस कधी द्यायची आणि कुठली थोडी थांबवायची, हे नेहमीच्या डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टशी बोलून ठरवायचं, नातेवाइकांच्या सल्ल्याने नव्हे.

आणि मग सांगड. मुलाला तज्ज्ञाकडे पाठवताना जी चिठ्ठी जाते, तीवर फार काही अवलंबून असतं. ‘ओंकार, वय ६, सेरेब्रल पाल्सी, कृपया पाहावे’ एवढं लिहिलं तर हाडांचे डॉक्टर पाहतील आणि सोडतील. तीच चिठ्ठी अशी असू शकते: गेल्या काही महिन्यांपासून बसताना उजवीकडे झुकतो, कपडे बदलताना मांड्या उघडायला त्रास होतो, एक्स-रे सोबत आहे, शस्त्रक्रिया आत्ता लागेल की फिजिओथेरपी वाढवून सहा महिने थांबता येईल, कार्बामाझेपिन चालू आहे, भूल द्यायची असल्यास आधी बोलू. या चिठ्ठीत प्रश्न आहे, म्हणून उत्तर येतं. ते उत्तर लेखी मागून घ्यायचं, आणि ते नेहमीच्या डॉक्टरांकडे पोचलंय ना हे पाहायचं. दोन तज्ज्ञांचे सल्ले एकमेकांना छेद देत असले, तर आईने मधे उभं राहून ‘ते असं म्हणाले, हे असं म्हणतात’ करत बसू नये. डॉक्टरांनी डॉक्टरांना फोन करावा.

याला वेळ लागतो, आणि आपल्या दवाखान्यांत वेळेलाच मोल नाही. फी मिळते ती समोर बसलेल्या रुग्णाची. फोन करणं, जुने कागद वाचणं, चिठ्ठी लिहिणं, याचा पैसा कुणी देत नाही. अमेरिकेत काही विमा योजना या सांगड घालण्याच्या कामाचं वेगळं मानधन देतात. आपल्याकडे ते येईपर्यंत माझं मत असं की, परवडत असेल तर सरळ विचारावं: डॉक्टर, याच्यासाठी वर्षातून दोनदा अर्ध्या तासाची वेळ द्याल का, दोन पेशंटांची फी देऊ. गर्दीच्या ओपीडीतल्या दहा धावत्या भेटींत जे होत नाही, ते अशा एका शांत भेटीत होतं.

घरात मराठी, थेरपीत हिंदी

इंदूरच्या मराठी घरांचा एक खास प्रश्न आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. आजी-आजोबांशी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, हे आपल्याला श्वासासारखं सवयीचं आहे. पण मूल उशिरा बोलायला लागलं किंवा ऑटिझमचं निदान झालं की सल्ला येतो: घरातली मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला, मुलाचा गोंधळ होतो. ऐकायला हे पटतं. परंतु दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिझमच्या आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांवर जे अभ्यास झाले, त्यांत दुसऱ्या भाषेमुळे बोलणं आणखी मागे पडलं असं दिसलेलं नाही. उलट, घरची भाषा बंद केल्यावर मुलाचं नुकसान होतं ते वेगळंच. हिंदी जिच्या तोंडी अडखळते ती आजी मुलाशी बोलायचंच कमी करते. ‘ये रे ये रे पावसा’ म्हणणारं, ‘घास रे राजा’ म्हणत भरवणारं माणूस गप्प होतं. ज्या मुलाला बोलणं जास्तीत जास्त ऐकायला हवं, त्याच्या भोवतीचं बोलणंच घटतं.

वाचाउपचार करणाऱ्यांना मराठी येत नसेल तर हरकत नाही. त्यांनी या आठवड्यात कुठले शब्द, कुठल्या खुणा घेतल्या ते लिहून घ्यावं आणि घरी तेच शब्द मराठीत करावेत. ‘पानी’ तिथं, ‘पाणी’ इथं, ‘और’ तिथं, ‘अजून’ इथं. थेरपिस्टना हे सांगावं, लपवू नये. कुटुंबाची रीत आणि भाषा धरून उपचार करणं हा मेडिकल होमच्या कल्पनेचाच भाग आहे.

सरकारी वाट

फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, चार प्रकारांसाठी: जन्मदोष, कमतरता, बालपणीचे आजार, आणि अपंगत्वासह विकासातला उशीर. बाळंतपणानंतर आशा कार्यकर्ती घरी येते, ती नवजात बाळाला पाहते. मग फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. पथकात आयुष डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असतात. काही सापडलं की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातं. तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य, विशेष शिक्षक हे एका छपराखाली असावेत अशी योजना आहे. कागदावर ही फार शहाणी रचना आहे. गरीब घरातल्या मुलाचा हृदयदोष अंगणवाडीत सापडून शस्त्रक्रियेपर्यंत जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

तिची कमजोरी सापडवण्यात नाही, सापडल्यानंतरच्या वर्षांत आहे. शस्त्रक्रिया झाली, मूल घरी गेलं. पुढची तपासणी कधी, गावात ताप आला तर कुणी काय करायचं, हे शहरातल्या तज्ज्ञाकडून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत लेखी पोचत नाही. सिकलसेलचं उदाहरण घ्या. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. सिकलसेलच्या लहान मुलाला पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायचं असतं, पुष्कळांना हायड्रॉक्सियुरिया लागतं, आणि १०१ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर ती तातडीची वेळ असते. यासाठी दर वेळी बसने इंदुरात येणं कुणाला जमेल? औषध गावच्या केंद्रात मिळावं, ताप आल्यावर पहिलं इंजेक्शन तिथंच लागावं, आणि इंदूरच्या तज्ज्ञाने वर्षातून ठरावीक वेळा पाहून योजना लिहून द्यावी. शहरातला तज्ज्ञ आणि गावातली सिस्टर एकाच कागदावरून काम करतात तेव्हाच हे होतं.

योजनांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचे नियम बदलत राहतात. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत, आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही त्यात आहेत, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं. मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक, तर हवाच. आयुष्मान कार्ड कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देतं, पण ते मुख्यतः भरती झाल्यावर. रोजच्या थेरपीचा आणि ओपीडीचा खर्च त्यातून निघत नाही. त्यासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपी व ओपीडी धरलेली आहे. या चारांपैकी काही असेल तर निरामयचा अर्ज आजच भरून टाका.

एक पान

डॉक्टरांच्या बाजूने हे सगळं होईल तेव्हा होईल. घरात आज रात्री करता येईल असं एक काम आहे: मुलाचा सगळा हिशेब एका पानावर लिहिणं. जाड फाइल असतेच. पण रात्री दोन वाजता अपघात विभागातल्या शिकाऊ डॉक्टरला दोनशे पानं चाळायला वेळ नसतो. आता आभा या १४ आकडी सरकारी आरोग्य क्रमांकाला कागद जोडता येतात, तेही जरूर करा. तरी ढीग डिजिटल झाला म्हणून त्याचा सारांश होत नाही.

पानावर वर नाव, जन्मतारीख, वजन आणि वजन केल्याची तारीख. मग निदानं, साध्या भाषेत. मग औषधं: प्रत्येकाचं मूळ नाव, कंपनीचं नव्हे, किती मिलिग्रॅम आणि किती मिलिलिटर, दोन्ही. हे दोन्ही लिहिण्यावर माझा फार जोर आहे, कारण तेच औषध वेगवेगळ्या ताकदीच्या सिरपमध्ये येतं, आणि ‘सकाळी एक चमचा’ एवढंच पाठ असलं तर बाटली बदलल्यावर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. मग काय देऊ नये: अॅलर्जी, आणि ओंकारसारख्या मुलासाठी ‘क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन देऊ नये’ हे ठळक. मग मूल एरवी कसं असतं: बोलतं का, हो-नाही कसं सांगतं, चालतं का, काय गिळू शकतं. अनोळखी डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. मग नेहमीच्या डॉक्टरांचं आणि प्रत्येक तज्ज्ञाचं नाव, फोन.

खाली अवघड वेळेची योजना. फिट येणाऱ्या मुलासाठी ती साधारण अशी असते: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकातला फवारा, आणि १०८. हा फवारा आणि त्याचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेतलेला असला पाहिजे. ऐनवेळी विचारून होत नाही. पानावर डॉक्टरांची सही घ्या. एक प्रत शाळेत, एक आजोळी, एक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक औषध बदलल्यावर नवीन लिहा, जुनं फाडा.

आणि ते पान बाबांनी लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लिहिताना त्यांना आईला विचारावं लागेल. आईला ताप आला, ती माहेरी गेली, तिचंच ऑपरेशन निघालं, तर मुलाचा डोस घरात आणखी कुणाला ठाऊक आहे? नेहमीच्या डॉक्टरांनी आईची झोप, तिची पाठ, धाकट्या भावंडाची चिडचिड याबद्दल विचारणं ही औपचारिकता नसते. १७ किलोचं मूल दिवसातून वीसदा उचलणाऱ्या बाईची पाठ गेली तर मुलाची थेरपी थांबते.

नेहमीचे डॉक्टर निवडताना नावाजलेले पाहू नका, जवळचे पाहा, जे ऐकून घेतात आणि ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असं म्हणू शकतात. पहिल्या भेटीत आजाराबद्दल न बोलता हेच विचारा: तुम्ही याचं सगळं एकत्र बघाल का? बाकीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे आणत जाऊ का? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? काही जण स्पष्ट नाही म्हणतील. तेही बरं, पुढे जाता येतं.

अठराव्या वर्षी

मूल मोठं होतं, हे आपण विसरतो. अठरा झालं की बालरोग विभाग संपतो, बाल स्वास्थ्य कार्यक्रम संपतो, आणि मोठ्यांच्या ओपीडीत कुणी या कुटुंबाला ओळखत नाही. थॅलेसेमियाची, मधुमेहाची तरुण मुलं याच काळात औषध सोडतात, तपासण्या चुकवतात. म्हणून बारा-चौदाव्या वर्षापासून तयारी लागते. नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की पुढे कुणाकडे सोपवणार, आणि शक्य असेल तर काही महिने दोघांकडेही जा. ज्या मुलाला समजतं, त्याला आपल्या औषधाचं नाव, डोस आणि कारण स्वतः सांगता आलं पाहिजे. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आधी त्याला उत्तर देऊ द्या, राहिलेलं आई सांगेल.

ज्याला स्वतःचे निर्णय घेणं जमणार नाही अशा मुलाच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. शस्त्रक्रियेची संमती, बँकेचं खातं, सगळीकडे प्रश्न येतो. निरामय ज्या चार प्रकारांसाठी आहे, त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्व देते. समिती कलेक्टर कार्यालयात असते. अर्जासोबत यूडीआयडी कार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि मुलाच्या स्थितीची वैद्यकीय नोंद तयार ठेवावी. ती नोंद वर्षानुवर्षं मूल पाहिलेल्या डॉक्टरांनी दिली तर काम सोपं होतं, म्हणून सतरावं लागलं की त्यांच्याकडून ती लिहून घ्या.